तापामुळं नाना हुळा खायला गेले

माझ्यामुळं आमच्या घरातलं एक जमत आलेलं लग्न मोडलं, वडिलांची नोकरी जाता जाता राहिली आणि एका म्हाताऱ्या हकिमाची ख्याती फुकटात वाढली. मी तेव्हा तिसरीत होते. (या वयात बाकीच्या मुली फार तर दौत सांडतात.)

गोष्ट निजामाच्या राज्यातली, औरंगाबादची. गुलमंडीच्या मागच्या गल्लीत आमचं भाड्याचं घर होतं. दोन खोल्या, पुढं ओसरी, ओसरीत एक बाज. घरात माणसं चार: नाना म्हणजे माझे वडील, आई, नानांची धाकटी बहीण वेणूआत्या आणि मी, सिंधू. नाना सरकारी कचेरीत अहलकार होते. अहलकार म्हणजे कारकूनच. पण कारकून म्हटलं की खांदे पडतात आणि अहलकार म्हटलं की शेरवानीची इस्त्री आठवते, म्हणून नाना झोपेतसुद्धा अहलकारच म्हणायचे. आत्या लग्नाची होती. तिच्या लग्नाची काळजी घरात सगळ्यांना होती, एक तिला सोडून.

माझी शाळा मुलींची, तहतानिया. म्हणजे पहिली ते चौथी. अर्ध्या मुली मराठीत शिकायच्या, अर्ध्या उर्दूत, आणि भांडताना सगळ्यांची भाषा एक व्हायची. शाळेच्या मुख्य बाई होत्या उस्तानीबी. बारीक अंगाच्या, पांढऱ्या ओढणीच्या, चष्म्याची एक दांडी तुटलेली म्हणून त्या बाजूला दोरा बांधलेला. त्यांनी नुसतं चष्म्यावरून पाहिलं तरी पाढे आपोआप आठवायचे.

फाल्गुन लागला. (नानांच्या कचेरीत त्याच महिन्याला अर्दिबेहिश्त म्हणत. आईचा उपास आणि नानांचा पगार कधीच एका महिन्यात पडायचे नाहीत.) शाळेच्या अंगणातल्या लिंबाला तांबूस पालवी फुटली, शाळा सकाळची झाली, आणि वसंताची हवा लागून उस्तानीबींना एक कल्पना फुटली. त्यांनी ओसरीत, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा मोठा फळा टांगला. मध्ये खडूची उभी रेघ मारली. डावीकडं मराठी, उजवीकडं उर्दू, आणि वरती दोन्ही लिपींत लिहिलं, 'घर की खबर'.

"रोज एक खबर लिखनेका," त्या म्हणाल्या. "खबर सच्ची होना, छोटी होना, और अपने घर की होना. सुनी-सुनाई नक्को. समझ गये?"

"हौऽऽ!" आम्ही साठ जणी ओरडलो.

पहिले चार दिवस फार शांततेत गेले. 'आमची शेळी व्याली.' 'आजोबांचा पुढचा दात पडला.' 'पापडाला उन्हं लागली.' पाचव्या दिवशी राबियानं खबर दिली. राबिया माझी जिवाभावाची मैत्रीण, तिच्या अब्बांचं गुलमंडीत कापडाचं दुकान. तिची खबर होती: 'अब्बा की दुकान में नई छींट आयी है. रंग पक्का, दाम वाजिब.'

उस्तानीबींनी चष्मा सारखा केला. "बेटा, ये खबर नहीं, इश्तिहार है!" आणि ती जाहिरात पुसून टाकली. पण तोवर मुलींना सोडायला आलेल्या तीन आया शाळेतूनच सरळ गुलमंडीकडं वळल्या होत्या.

सहाव्या दिवशी माझी पाळी आली. मी लिहिलं: 'काल आमच्या हौदात मांजर पडलं. नानांनी काढलं. तेच पुन्हा पडलं.'

उस्तानीबी हसल्या! ज्या बाईंचे दात चौथीच्या मुलींनीही पाहिले नव्हते त्या हसल्या. "क्या बात है! तीन जुमलों में पूरा किस्सा!" आणि तिथल्या तिथं त्यांनी मला शाळेची खबरनवीस नेमून टाकलं. रोजची खबर मी मराठीत लिहायची आणि राबियानं ती उजवीकडं उर्दूत उतरवायची.

मी घरी आले ती चालत नाही, मिरवतच. "आई, आता घरात सरकारी हुद्देदार दोन झाले."

आईनं नव्या हुद्देदाराला लसूण सोलायला बसवलं.

आता रोज खबर लिहायची म्हणजे ती घडायला तर हवी! मांजर काही रोज हौदात पडेना. (मी दोनदा कडेला नेऊन ठेवलं. मांजर शहाणं झालं होतं.) मग मी कान उघडे ठेवून घरात वावरू लागले. मोठी माणसं लहान मुलांसमोर काय वाटेल ते बोलतात. त्यांना वाटतं, सागरगोटे खेळणाऱ्या मुलीला ऐकू येत नाही.

त्या सोमवारी घरात आत्याच्या स्थळाचं बोलणं चाललं होतं. स्थळ वैजापूरचं, कांद्या-कापसाची आडत, घरचं बक्कळ. मुलाचे वडील अप्पासाहेब. मुलगा बिजवर आहे, पण वय फक्त तीस, असा निरोप आला होता. नाना खालच्या आवाजात आईला सांगत होते, "मी वेणूचं अठरा सांगितलंय. बावीस म्हटलं असतं तर त्यांनी पत्रिकाच परत पाठवली असती. तू आपली अठराच म्हण."

दुसऱ्या दिवशी फळ्यावर माझी खबर झळकली: 'माझ्या आत्याला वैजापूरचं स्थळ आलं आहे. आत्याचं वय आमच्या घरात बावीस आहे आणि वैजापूरला अठरा आहे.'

राबियानं जिभेचं टोक बाहेर काढून शब्दाला शब्द उतरवलं. उस्तानीबी त्या दिवशी दुसरीच्या वर्गात पाढे घेत अडकल्या होत्या, त्यांनी पाहिलं तेव्हा शाळा सुटत होती. त्यांनी मला बोलावलं. मी शाबासकीला पाठ पुढं केली.

"ये तूने क्यूं लिखा?"

"सच्ची आहे. छोटी आहे. घरची आहे."

उस्तानीबींनी माझ्याकडं पाहिलं. स्वतःच केलेला कायदा स्वतःच्याच पायात आला की मोठी माणसं जशी बघतात, तसं. मग त्यांनी ओल्या फडक्यानं फळा पुसला आणि म्हणाल्या, "कल से मांजर की लिख."

पण उशीर झाला होता. अप्पासाहेबांची थोरली लेक गुलमंडीतच दिलेली होती, आणि त्या लेकीची लेक शांता आमच्या शाळेत दुसरीत होती. शांतानं खबर वाचली आणि घरी जाऊन आईला म्हणून दाखवली. (उस्तानीबी पाठांतरावर फार भर द्यायच्या.) शांताच्या आईनं संध्याकाळच्या गाडीनं माणूस वैजापूरला धाडला. आम्हाला यातलं काही म्हणता काही माहीत नव्हतं.

उलट मीच दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत शांताला पकडून तिच्या घरची खबर विचारली. ती बिचारी चिंचेचं बुटूक चोखत म्हणाली, "आमच्या मामाला आखाडात चाळीस पुरी होणार, म्हणून आजी शांत करणारंय." ही खबर मला भारी वाटली, पण ती माझ्या घरची नव्हती. नियम म्हणजे नियम! मी ती शांताच्या नावानं लिहायची ठरवून मनात जपून ठेवली.

कारण त्या दिवशीची, बुधवारची खबर माझ्याकडं तयार होती.

झालं होतं असं, की बिडकीनला नानांच्या मावसभावाचं शेत होतं आणि शेतात हरभरा ऐन भरात आला होता. हिरव्या हरभऱ्याचे डहाळे काट्याकुट्यांच्या जाळावर भाजायचे, राखेतून घाटे वेचायचे आणि तोंड काळं होईस्तोवर खायचे, याला आमच्याकडं हुळा म्हणतात. मावसभावाचा सांगावा आला आणि नानांनी लगेच कचेरीत अर्ज धाडला: सख्त बुखार आल्यामुळं चार दिवसांची रुखसत मिळावी. अर्ज लिहिताना ते शीळ घालत होते. मग पिशवीत मीठ-मिरचीची पुडी टाकून मंगळवारी पहाटेच्या मोटारीनं बिडकीनला निघून गेले.

आता तुम्हीच सांगा, एवढी गोष्ट थोडक्यात, खरी आणि घरची अशी कशी लिहाल? मी लिहिली: 'माझ्या वडिलांना ताप आला म्हणून ते बिडकीनला हुळा खायला गेले.'

राबिया 'हुळा'वर अडली. "हुळे को उर्दू में क्या बोलते?"

"सगळे मिळून खातात, मजा करतात."

"दावत!" राबिया म्हणाली आणि तिनं उजव्या बाजूला लिहून टाकलं: 'वालिद साहब को सख्त बुखार आया, लिहाज़ा वो दावत खाने बिडकीन तशरीफ ले गये.'

उस्तानीबी त्या दिवशी तालुक्याच्या कामासाठी बाहेर होत्या. मुलींचे पालक शाळा सुटताना आले. त्यात होते नानांच्या कचेरीचे मुन्तजिमसाहेब. मुन्तजिम म्हणजे नानांचे वरिष्ठ. उंच, गोरे, करड्या दाढीचे आणि उर्दूच्या एका नुक्त्यासाठी, म्हणजे टिंबासाठी, अख्खा कागद परत करणारे. त्यांची धाकटी मुलगी पहिलीत होती. ते फळ्यासमोर थांबले. वाचलं. खाली माझं नाव होतं, आणि नावापुढं नानांचं. त्यांनी पुन्हा वाचलं.

मी घरी येऊन जेवून सागरगोटे काढले तोच राबिया धापा टाकत आली. तिच्या घराशेजारीच हकीमसाहेबांचा दवाखाना.

"सिंधू! मुन्तजिमसाब तेरे घर को आ रए! हकीमसाब को बी संग लेके! बोले, अहलकारसाब सख्त बीमार है, मिजाजपुर्सी करेंगे!"

"विचारपूस करायला? बरं मग?" मी म्हणाले. मला अभिमानच वाटला. माझ्या खबरेवर कचेरी हलली होती!

आई आतून पीठ लागलेल्या हातांनी बाहेर आली. "कोण येतंय? कशापायी? सिंधे, तू काय लिहिलंस त्या फळ्यावर?"

मी म्हणून दाखवलं. आई तिथंच उंबऱ्यात बसली.

"अगं, असलं लिहायला सांगितलं कुणी तुला?"

"शाळेनं. खरं लिहायचं असतं."

"तरी मी ह्यांना म्हणत होते, पोरीला शाळेत घालू नका!" मग तिनं डोळे पुसले (पीठ डोळ्यांत गेलं) आणि एकदम उठली. संकट आलं की आईच्या अंगात सेनापती यायचा. "बाजंवर कुणीतरी झोपाय पाहिजे. कोण? मी दारामागून बोलणार. सिंधी वितभर. वेणू!"

"मी नाय बरं का वहिनी!" आत्या मागं सरली.

"तू ह्यांच्याएवढी उंच हायेस. तोंड भिंतीकडं कर आणि कण्हत राहा. भावाची नोकरी हाय!"

"पण दाढी? मिशा?"

"पालथी झोप!"

ट्रंकेतून हिवाळ्याची रजई निघाली. फाल्गुनातलं ऊन, पत्र्याची ओसरी, आणि वरून तीन शेर कापसाची रजई! उशाला नानांची रुमी टोपी ठेवली, म्हणजे रोग्याची ओळख पटावी. एवढ्यावर थांबेल तर ती आई कसली? तिनं तेलात कुंकू कालवून आत्याच्या कपाळावर, गालांवर, हातांवर टिपके दिले. "विचारलं तर सांगू कांजिण्या झाल्यात. कुणी जवळ येत नाय."

आत्या रजईत गेली आणि दारात काठी वाजली.

"आदाब," मुन्तजिमसाहेब म्हणाले. मागं हकीमसाहेब. ते इतके म्हातारे होते, की गल्लीतल्या म्हाताऱ्यांचे जन्म त्यांना आठवत. राबियाला आईनं हाकललं होतं, पण ती हौदाच्या कडेला बसून राहिली. आई दारामागं गेली आणि मी दुभाषी झाले.

"कैसी तबीयत है अहलकारसाहब की?"

रजई म्हणाली, "हंऽऽ..." आत्यानं आवाज इतका खोल लावला, की तो हौदातून आल्यासारखा वाटला.

"और बिडकीन की दावत कैसी रही?"

रजईचं कण्हणं एकदम बारीक झालं.

"सिंधे," आई दारामागून कुजबुजली, "सांग त्यांना कांजिण्या झाल्यात म्हणून. लांब बसा म्हणावं."

मी सांगितलं. मुन्तजिमसाहेब दोन पावलं मागं सरले. आईचा श्वास मला ऐकू आला. पण हकीमसाहेबांचा चेहरा उजळला. "कांजिण्या? माशाअल्लाह! हमको बचपन में हो चुके!" म्हणत त्यांनी पाट ओढला, बाजेशेजारी बसले आणि हात पुढं केला. "नब्ज़ दिखाइए."

रजई हलली नाही.

"आत्... नाना," मी म्हणाले, "हात द्या."

रजईतून हात आला. कोपरापर्यंत कुंकवाचे टिपके, आणि मनगटात सहा हिरव्या बांगड्या! आईनं टोपी आठवली, कांजिण्या आठवल्या, बांगड्या राहिल्या.

मुन्तजिमसाहेब बांगड्यांकडं पाहतच राहिले. हकीमसाहेबांना मात्र काहीच दिसलं नाही, कारण ते नाडी डोळे मिटून बघत. बांगड्या त्यांनी अलगद वर सारल्या, बोटं टेकवली आणि मान डोलवू लागले.

"बारीक है... तेज़ है... घबराहट है..." मग कपाळाला आठी पडली. "मुन्तजिमसाहब, मरीज़ की उम्र क्या बतायी थी आपने?"

"चालीस के लगभग."

"नामुमकिन! साठ साल से नब्ज़ देख रहा हूं. ये चालीस की नब्ज़ नहीं. ये बाईस साल की नब्ज़ है. एक दिन न कम, न ज़्यादा!"

"बावीस?" दारातून एक दणदणीत आवाज आला. "आन् मग अठरा कोन म्हनलं व्हतं?"

दारात वैजापूरचे अप्पासाहेब उभे! डोक्याला लाल पागोटं, हातात छत्री, कोटाच्या खिशातून घड्याळाची साखळी लोंबणारी. मुलगी न कळवता जाऊन पाहिली की खरी दिसते, असा त्यांचा हिशेब. शांताच्या आईचा निरोप मिळताच दुपारच्या गाडीनं आले होते. त्यांनी ओसरीत पाहिलं: एक शेरवानी, एक हकीम, एक रजई आणि एक रुमी टोपी.

"पोरगी कुठंय?" ते म्हणाले. "मला पोरगी बघायचीय, आत्ताच्या आत्ता!"

"और मुझे," मुन्तजिमसाहेब अगदी सावकाश म्हणाले, "मरीज़ का चेहरा देखना है."

दारामागून भांडं पडल्याचा आवाज आला. आईची सेनापतीगिरी संपली होती. मला वाटलं, आता घराची लाज आपल्याच हातात आहे. कुणाचंच मन मोडू नये म्हणून मी पुढं झाले आणि दोघांनाही खात्रीनं सांगितलं,

"तुम्हाला पाहिजे ते दोघंही रजईतच आहेत!"

 हकीमसाहेबांनी डोळे उघडले. बांगड्या पाहिल्या. स्वतःची बोटं पाहिली. "देखा?" ते मुन्तजिमसाहेबांना म्हणाले. "हम कह रहे थे!"

अप्पासाहेब लालबुंद झाले. "अठरा सांगून बावीसची गळ्यात मारता व्हय? कुनब्याच्या आडतीत असला खोटा माल कुनी उतरवत नाय! चार वर्सं! चार वर्सं दडवली!"

आता हे मला पटलं नाही. एक तर आत्याला माल म्हणाले. दुसरं, खरं-खोटं हा आमच्या शाळेचा विषय. मी म्हणाले, "तुमच्या मुलाला पण आखाडात चाळीस होणारंयत. इथं तीस सांगितलं. ती उद्याची खबर आहे."

"आँ? कुनी सांगितलं तुला?"

"तुमच्या नातीनं. शांतानं. आजी शांत करणारंय म्हणून."

अप्पासाहेबांनी पागोटं सारखं केलं. पुढचा प्रश्न रजईतून आला.

"किती?"

"चाळीस, आत्या."

रजई उडाली. आत्या बाजेवर ताडकन उभी राहिली. घामानं कुंकू ओघळून कपाळापासून गळ्यापर्यंत उतरलं होतं, केस सुटले होते, डोळ्यांत तेल गेल्यानं डोळे लाल. त्या अवतारात ती एवढंच म्हणाली, "मला हे स्थळ नको!"

"अरं देवा, देवी आल्यात पोरीला!" अप्पासाहेब किंचाळले आणि मागल्या पावली निघाले. छत्री ओसरीतच राहिली. दारात ते कुणावर तरी आपटले. ते नाना होते.

नाना चार दिवसांचे दोन दिवस करून परतले होते. (हुळ्यानं पोट बिघडलं, हे नंतर कळलं.) खांद्यावर हिरव्या हरभऱ्याची भली मोठी पेंढी, तोंड राखेनं कानापर्यंत काळं. आधी त्यांनी पळणारे अप्पासाहेब पाहिले, मग रक्ताळल्यासारखी बहीण पाहिली, आणि मग मुन्तजिमसाहेबांना पाहिलं. माणसानं अशा वेळी काय करावं? नाना खोकले.

"आइए अहलकारसाहब," मुन्तजिमसाहेब म्हणाले. "बुखार उतरा?"

"उतरतोय साहेब," नाना क्षीण आवाजात म्हणाले आणि पेंढी पाठीमागं लपवायला लागले. पेंढी नानांपेक्षा रुंद होती.

मला वाटलं, आता तोफेच्या तोंडी देतील. पण मुन्तजिमसाहेबांनी पेंढीचा एक डहाळा उपसला, एक घाटा फोडला, दाणा तोंडात टाकला आणि म्हणाले, "हकीमसाहब, मरीज़ के लिए ये कैसा रहेगा?" हकीमसाहेब म्हणाले, गरम-गरम असेल तर उत्तम. अर्ध्या तासात आमच्या अंगणात जाळ पेटला होता. आत्या तोंड धुऊन आली आणि तिनंच हुळा भाजला. शेरवानीच्या बाह्या वर करून मुन्तजिमसाहेबांनी तो नानांपेक्षा जास्त खाल्ला. त्यांचीही त्या दुपारी कचेरीतून रुखसत होती. 'कारणे सख्त बीमाराची विचारपूस' अशी! निघताना उरलेली पेंढी त्यांनी टांग्यात ठेवून घेतली, पुरावा म्हणून.

आणि एवढं खाऊनही दुसऱ्या दिवशी त्यांनी नानांकडून उर्दूत माफीनामा मागितला. नानांनी दोनदा लिहिला, दोन्हीदा नुक्त्याच्या चुकांसाठी परत आला. तिसरा राबियाकडून लिहून घेतला तेव्हा मंजूर झाला.

हुळा झाला त्याच रात्रीची गोष्ट. जेवताना नाना ताटाकडं बघत म्हणाले, "वेणू, मला त्यांनी तीस सांगितलं होतं गं."

"आणि तू त्यांना अठरा," आत्या म्हणाली. "दोघांनी मिळून मला कुठल्या वयात नेऊन टाकणार होतात?"

नानांनी वाढलेली भाकरी तशीच ठेवली. माझ्याशी ते पुढं आठ दिवस बोलले नाहीत. बहिणीबद्दल मात्र त्या दिवसापासून तिला विचारूनच बोलायला लागले.

गल्लीत मात्र बोलण्याला ऊत आला. वेणूला देवी आल्या, वेणूच्या अंगात देवी आली, वेणूनं पाहुण्याला छत्रीनं मारलं. जितकी तोंडं तितक्या खबरी, आणि एकही सच्ची, छोटी नव्हती! हकीमसाहेबांकडं मात्र रांग लागली. नाडीवरून वय सांगतात म्हणून लांबून लांबून सोयरिकीवाले येऊ लागले. निम्मे मुलींना दाखवायला आणायचे. उरलेले, हकीमसाहेब दवाखान्यात आहेत असं कळलं की रस्ता बदलायचे.

दोन दिवसांनी उस्तानीबी आमच्या घरी आल्या. मी ट्रंकेमागं दडले. पण त्यांना मी नको होते.

"वेणूबाई, कितना पढे?"

"चौथी पास. घरी पोथ्या वाचते, हिशेब येतो."

"मराठी पढानेवाली बाई नहीं मिलरी मेरेकू. आते क्या आप?"

नाना मधेच म्हणाले, "बाई, बहिणीला नोकरीला लावलं तर लोक काय म्हणतील?"

उस्तानीबींनी चष्म्यावरून पाहिलं. नानांना बहुतेक पाढे आठवले. "लोगां तो परसों सेच बोल रए, भाईसाब. अब पगार लेके सुनो."

आत्या शाळेत रुजू झाली. पुढं तीस वर्षं तिनं शिकवलं आणि लग्न केलं ते स्वतःच्या मर्जीनं, स्वतःचं खरं वय सांगून. पण शाळेतलं तिचं पहिलं काम काय असेल? तिनं 'घर की खबर' वरपासून खालपर्यंत धुऊन काढलं आणि तिथं लिहिलं, 'मोठ्यांचा मान राखावा.' दुसऱ्या दिवशी, 'वेळेचा सदुपयोग करावा.' शाळाशाळांतून रोज सुविचार का लिहितात ते मला तेव्हा कळलं. त्यानं कुणाचंच काही बिघडत नाही.

चैत्रात शाळेचा जलसा झाला. खबरनवीस म्हणून मला बक्षीस मिळणारच, अशी माझी खात्री. उर्दू तर्जुम्याचं बक्षीस राबियाला मिळालं. मला मिळालं हस्ताक्षराचं. उस्तानीबींनी सगळ्या पालकांसमोर माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "इस बच्ची की लिखावट इतनी साफ है, के घर की इज़्ज़त जा रई तो चौक में खडे आदमी को बी बिना चष्मे के पढने आती."

मंडप हसला. नाना खाली मान घालून बसले. मुन्तजिमसाहेबांनी सगळ्यांत मोठ्यानं टाळ्या वाजवल्या, आणि मी कमरेत वाकून तीनदा सलाम केला.

ती तारीफ नव्हती, हे मला सातवीत गेल्यावर कळलं.